अप्पांचा कान

"दोनच," डॉक्टर नाईकनवरे म्हणाल्या. "तिसरं आयुष्यात कधीच नाही. तेव्हा घाई करू नका. घरी जा, चार माणसांना विचारा आणि मग या."

आता इचलकरंजीत चार माणसांना विचारणं म्हणजे काय, हे ज्याला गाव ठाऊक आहे त्याला सांगायला नको. सुलक्षणा बुगडनं विचारलं चौघांना आणि सल्ले मिळाले चाळीस. मामा म्हणाला, हिशेबाचं कलम घे, हिशेब कळला नाही म्हणून आपल्या पिढ्या बुडाल्या. शेजारच्या हावळ काकू म्हणाल्या, इंग्रजी घे बाई, फाडफाड. पुण्याच्या जुन्या ऑफिसातला एक शहाणा फोनवर म्हणाला, माणसं सांभाळायचं घे, बाकी सगळं यंत्रं करतात. एकानंही कोड लिहायचं कलम घे असं सांगितलं नाही. कोड लिहायला माणूस लागतो ही गोष्टच आता जुनी झाली होती, आणि ती जुनी झाली म्हणूनच तर दहा वर्षांची नोकरी सुटून ती पस्तिसाव्या वर्षी परत गावात येऊन बसली होती.

धंदा काय करायचा ते मात्र पक्कं होतं. नव्या मागांचं राज्य आलं तरी गावात जुने साधे माग अजून हजारोंनी खडखडत होते, आणि ते दुरुस्त करणारे जॉबर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते. जुना जॉबर मागाजवळून नुसता चालत गेला तरी त्याला कळतं, हा उद्या बिघडणार. सुलक्षणा आणि तिची शाळेपासूनची मैत्रीण नझीमा मोमीन या दोघींना तेच काम करणारं सॉफ्टवेअर बनवायचं होतं. मागाला तळहाताएवढी डबी चिकटवायची. ती आवाज ऐकेल आणि काही तुटायच्या आत माग थांबवेल. धंद्याचं नावही ठरलं होतं, 'कानोसा'.

कलमाची विद्या आता काही अपूर्वाईची राहिली नव्हती, तरी डॉक्टरबाई प्रत्येकाला ती पहिल्यापासून समजावून सांगत. कौशल्य म्हणजे माहिती नव्हे. सायकल कशी चालवायची हे पुस्तकात वाचून कळतं, पण येत नाही. ते येणं म्हणजे मेंदूतल्या लाखो पेशींनी एकमेकींशी बांधलेलं वेळेचं गणित असतं, कुणी कुणाच्या मागून किती क्षणांनी जागं व्हायचं याचं. हे गणित लहानपणी पटकन बसतं, कारण पेशींभोवतीची बारीक जाळी तेव्हा सैल असते. वय वाढलं की जाळी घट्ट होते. डॉक्टरबाईंच्या कोल्हापूरच्या केंद्रात औषध देऊन ती चार दिवस सैल करतात आणि डोक्यावरच्या टोपीतून, आधी एखाद्या दात्याच्या मेंदूतून टिपून ठेवलेलं गणित चुंबकाच्या बारीक ठोक्यांनी तुमच्या मेंदूत बसवतात. आंब्याच्या रोपावर दुसऱ्या आंब्याची काडी बांधावी, तसं. म्हणून लोक त्याला कलमच म्हणू लागले. जाळी दोनदा सैल करता येते. तिसऱ्यांदा केली तर ती परत घट्ट होत नाही आणि माणूस फिट येऊन येऊन जातो.

"आणि दात्याच्या आठवणी?" सुलक्षणानं विचारलं होतं.

"एकही येत नाही. आठवणी दुसरीकडे असतात. फक्त कसब येतं." डॉक्टरबाई हसल्या होत्या. "दात्याचं लग्न कुणाशी झालं ते तुम्हाला कळणार नाही, काळजी नको."

पहिलं कलम तिनं विक्रीचं घेतलं. त्यात फार डोकं चालवावं लागलं नाही, कारण सुलक्षणाला विकता कधीच आलं नव्हतं. शाळेत असताना ती आनंदमेळ्याला भेळ घेऊन बसली तर शेवटी भेळ घरीच यायची.

चार दिवस टोपी, महिनाभर सराव, आणि मग जे झालं त्याचं तिचं तिलाच हसू यायचं. समोरच्याचं बोलणं संपायच्या आत त्याला काय हवंय ते कळायचं. कुठे थांबायचं, कुठे आवाज उतरवायचा, डोळ्यांत किती वेळ बघायचं, सगळं आपोआप. रामगोपाळ शेठचे साठ माग होते आणि शेठ माणूस असा, की स्वतःच्या जावयालाही दारात उभं करून बोलायचे. त्यांनी हिला खुर्ची दिली, चहा दिला आणि सहा माग चाचणीला देतो म्हणून शब्दही दिला.

नझीमा बाहेर येऊन म्हणाली, "सुलू, तू मला पण गुंडाळत असशील आता. कळणार कसं गं?"

"तुला कशाला गुंडाळू?"

"हे बघ, हेच. किती गोड म्हणालीस!" नझीमा हसत होती, पण पुरती नाही.

घरी अप्पा हसले नाहीत. अप्पा म्हणजे सुलक्षणाचे वडील, दत्तोबा बुगड, चाळीस वर्षं मागावर जॉबर. आता सत्तरीला आलेले, दोन खोल्यांच्या घरात ती दोघंच राहायची. पहिल्या कलमानंतर पंधरा दिवसांनी एकदा जेवताना ते म्हणाले, "सुली, तू आमटी चांगली झालीय म्हणलीस, तर मला वाटाय लागलं, काय खपवतीस की काय. आदी असं वाटत नव्हतं बघ."

तिला वाईट वाटलं. खरं म्हणजे आमटी चांगलीच झाली होती.

चाचणी सुरू झाली आणि तिसऱ्या आठवड्यात शेठनी बोलावून घेतलं. डबी नको तेव्हा माग थांबवत होती आणि हवं तेव्हा गप्प बसत होती. नझीमानं जगभरातल्या मागांचे आवाज यंत्राला शिकवले होते, पण आपल्याकडचा माग म्हणजे चार पिढ्यांनी ठोकून, वेल्डिंग करून, चामड्याचे तुकडे लावून चालवलेला. प्रत्येकाचा आवाज निराळा. शेठ म्हणाले, "बाई, तुम्ही बोलता छान. तुमचं यंत्र ऐकत नाही. तीन महिने देतो, नाहीतर डब्या काढून न्या."

दोघींनी मग सरळ विचार केला. यंत्राला शिकवायला हजारो आवाज ऐकून कुणीतरी सांगायला हवं, हा बरा, हा वाईट, हा आता थांबव. ते काम जॉबरच्या कानाचं. जॉबरला बसवलं तर तो दिवसाला पन्नास आवाज ऐकून कंटाळेल, आणि नवीन डबी आली की परत बसवा. म्हणजे तो कान धंद्याच्या मालकिणीकडेच पाहिजे. केंद्राच्या यादीत जॉबर नव्हता, असणार कुठून! दाता आपणच आणला तर चालतो, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं. गावात सगळ्यात चांगला कान कुणाचा, हे कुणालाही विचारलं असतं तरी त्यानं बुगडांच्या घराकडे बोट दाखवलं असतं.

अप्पा म्हणाले, "न्हाई."

"अप्पा, नुसती टोपी घालून चाळीस तास मागात फिरायचं. दुखत नाही, खुपत नाही."

"दुखायचं काय घेऊन बसलीस! माझा कान तुला नको. दुसऱ्याचा बघ."

"कारण तरी सांगा."

"सगळ्यालाच कारण असतंय व्हय?" म्हणून ते चप्पल घालून बाहेर गेले.

तिच्याकडे जिभेचा नवा हुन्नर आयता होता. अप्पांना कुठून धरायचं ते तिला स्पष्ट दिसत होतं. अभिमान, मग म्हातारपण, मग तिच्या आईचं नाव. पण तिनं ते केलं नाही. बापावर चालवायचं नाही, असं तिनं मनाशी बजावून ठेवलं होतं.

महिना गेला. दुसरा अर्धा गेला. नझीमा एके दिवशी दुपारी घरी येऊन भरल्या डोळ्यांनी म्हणाली की तिला दुबईच्या नणंदेनं काम बघितलंय, इथलं जमत नसेल तर ती जाते. अप्पा पलीकडे बसून कांदा चिरत होते. नझीमा गेल्यावर विळी आडवी करून म्हणाले, "कदी जायचं कोल्हापूरला?"

"कशाला?"

"टोपी घालाय." मग बराच वेळ त्यांनी हात पुसले. "कान घे माझा. पर मागनं मला काय विचारू नगंस. एवढं कबूल कर."

तिनं आनंदाच्या भरात कबूल केलं. काय कबूल करतोय हे तिला तरी कुठे माहीत होतं?

दुसरं कलम पहिल्यासारखं हळूहळू नाही आलं. पाचव्या दिवशी ती केंद्राच्या पायऱ्या उतरली आणि तिथेच कठडा धरून उभी राहिली. रस्ता उलगडला होता. रिक्षाचं एक बेअरिंग जायला आलेलं, वरच्या मजल्यावरच्या पंख्याचा एक स्क्रू सैल, एका म्हाताऱ्याचा डावा पाय उजव्यापेक्षा जड. आधी जो नुसता गोंगाट होता त्यात आता शंभर वेगवेगळे आवाज होते आणि प्रत्येक आपापल्या जागी. अप्पा आयुष्यभर असं ऐकत आले? आणि तरी किती कमी बोलतात! तिला बापाविषयी इतका आदर कधीच वाटला नव्हता. ती एस.टी.त बसून हुंदके देऊन रडली, शेजारच्या बाईनं पाणी दिलं.

मग काम सपाट्यानं सुरू झालं. नझीमा शेठच्या कारखान्यातले आवाज टिपून आणायची, सुलक्षणा हेडफोन कानाला लावून ऐकायची आणि समोरचं लाल बटण दाबायची. बिघाड सुरू झाला की दाब. ठोका देणारा पिकर ढिला, दाब. पट्टा घासतोय, दाब. यंत्र तिच्याकडून शिकत होतं. तीन आठवड्यांत सहाही माग शहाण्यासारखे थांबू लागले. शेठनी स्वतः फोन केला.

एक दिवस सकाळी नझीमा लॅपटॉप घेऊन तिच्याशेजारी येऊन बसली. "एक गंमत दाखवू? गंमत नाही म्हणा."

पडद्यावर सुलक्षणानं दाबलेल्या हजारो दाबांच्या रेघा होत्या. बिघाडाचा आवाज सुरू होतो आणि तिचा हात बटण दाबतो, यात सगळीकडे अर्धा सेकंद जायचा. फक्त एका बिघाडात नाही. मागाच्या या टोकाकडून त्या टोकाला धावणारा लाकडी धोटा, त्याला लोखंडी टोकं असतात. तो टोकाच्या पेटीत उशिरा पोचू लागला की एक दिवस बाहेर उडतो. बंदुकीतून सुटल्यासारखा जातो, समोर कोण आहे ते बघत नाही. त्या एका आवाजाला सुलक्षणाचा हात दरवेळी इतरांपेक्षा दीड सेकंद उशिरा पडत होता. एकदाही चुकून लवकर नाही.

"हाच तर सगळ्यात धोक्याचा," नझीमा म्हणाली. "आणि यंत्र तुझ्याकडून हाच उशीर शिकलंय."

"मला ऐकू येतं की लगेच."

"मग दाबत का नाहीस?"

त्यांनी आवाज परत लावला. सुलक्षणानं या वेळी स्वतःच्या हाताकडे बघितलं. उजवीकडचा ठोका उशिरा पडला, स्पष्ट. तिचा हात उचलला गेला, बटणाकडे निघाला आणि वाटेत हवेतच थबकला. कुणी मनगट धरल्यासारखा. मग सुटला आणि बटणावर पडला. तिनं मनाशी ठरवून परत केलं, दातओठ खाऊन केलं. वीस वेळा केलं. वीसही वेळा हात निघाला आणि थबकला. नझीमानं लॅपटॉप मिटला.

डॉक्टर नाईकनवरेंनी जुनं टिपण काढून पाहिलं. "हे तुमचं नाही, दात्याचं आहे," त्या म्हणाल्या. "कसबाबरोबर कसबाची सवय येते. या आवाजाला त्यांचा हात थांबतो. एकदा दोनदा थांबला असता तर आमच्या टिपणात उमटला नसता. वर्षानुवर्षं, हजारो वेळा थांबलाय, म्हणून गणिताचाच भाग झालाय."

"पण का थांबतो?"

"ते आमच्याकडे येत नाही. सांगितलं होतं ना, आठवणी येत नाहीत."

"काढता येईल?"

त्यांनी मान हलवली. जाळी दोनदा सैल झाली होती.

परत येताना एस.टी.त सुलक्षणा उजवा हात डाव्या हातात धरून बसली होती. धोटा. तिच्या घरात हा शब्द बावीस वर्षांत कुणी उच्चारला नव्हता. तिची आई, रुक्मिणी, अप्पांच्याच कारखान्यात कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या सुताच्या गुंडाळ्या तयार करायची. सुलक्षणा तेरा वर्षांची असताना धोटा उडून आईच्या कानशिलात बसला आणि ती जागच्या जागी गेली. दैव, सगळे म्हणाले. अप्पाही तेच म्हणाले. सुलक्षणा तेव्हा शाळेच्या वाटेवर होती.

त्याच सकाळचा एक व्हिडिओ तिच्याकडे होता. शाळेत 'माझ्या आईचं काम' असा प्रकल्प होता आणि ती मामाचा मोबाइल घेऊन कारखान्यात गेली होती. दोन मिनिटं चाळीस सेकंद. आई मागांच्या मधल्या वाटेत उभी, हातात रिकाम्या कांड्यांची टोपली, हसतेय, काहीतरी बोलतेय. आईचा चालताबोलता असा एवढाच तुकडा शिल्लक होता. पण आवाज मात्र नुसता मागांचा. आई काय बोलली ते कधीच कुणाला ऐकू आलं नाही. पुण्यात असताना तिनं आवाज साफ करणाऱ्या यंत्रांना दिला होता. त्यांना काही सापडलं नाही.

आणि आता तिच्याकडे अप्पांचा कान होता! हे तिला एवढ्या दिवसांत सुचलं कसं नाही? की सुचलं होतं आणि तिनं मुद्दाम सुचू दिलं नव्हतं?

दुपारी अप्पा बँकेत गेले असताना तिनं दार लोटलं आणि हेडफोन कानाला लावून व्हिडिओ सुरू केला.

आधी नुसते माग. मग एकेक माग वेगळा झाला, बाजूला सरला. आणि त्यांच्या मधून, अगदी जवळून, आईचा आवाज आला. जाडसर, थोडा बसका. "शाळंत काय माझं तोंड दावतीस व्हय गं? थांब, पदर तरी नीट घिऊ दे." बावीस वर्षं. ती विसरली होती, आई 'थांब' म्हणताना शेवटी हसायची.

तिनं परत लावला. आणि या वेळी उजवा हात आपोआप उचलला गेला.

नवव्या सेकंदाला. आईच्या पाठीमागचा माग. उजवा ठोका उशिरा. मग डावा बरोबर, परत उजवा उशिरा, अजून थोडा जास्त. शिकाऊ जॉबरलाही कळेल इतकं स्वच्छ. अप्पांना कळलं नाही असं होणंच शक्य नव्हतं. तिनं पडदा मोठा केला. कडेला अर्धे अप्पा दिसत होते, ते आजवर तिनं कधी नीट पाहिलेच नव्हते, कारण ती आईकडे बघायची. अप्पांची मान त्या मागाकडे वळली होती. त्यांचा उजवा हात माग बंद करायच्या हँडलकडे निघाला होता.

आणि आईचा आवाज आला, अप्पांना उद्देशून. "अवो, ऱ्हाऊ द्या की जरा! पोरीचं काढून हुईस्तोवर. मग बंद करा."

अप्पांचा हात हवेत थबकला. दीड सेकंद. मग खाली गेला.

माग थांबला असता तर चित्र बिघडलं असतं. आई हसली नसती, तिच्या पाठीमागे माग धावताना दिसला नसता. तिच्या प्रकल्पासाठी. तिला त्या प्रकल्पाला वर्गात पहिला नंबर मिळाला होता, बाईंनी नंतर घरी येऊन कौतुकाचं पत्र दिलं होतं.

संध्याकाळी तिनं नझीमाला फोन करून सांगितलं, धोट्याच्या आवाजाला माझ्या प्रत्येक दाबातून दीड सेकंद वजा कर. एवढंच? नझीमा म्हणाली. एवढंच, एका ओळीचं काम. मग तिनं स्वतः दुरुस्त झालेल्या यंत्राला तो व्हिडिओ ऐकवला. यंत्रानं नवव्या सेकंदाला लाल अक्षरांत 'थांबवा' लिहिलं. तिनं परत ऐकवला. परत नववा सेकंद. पुढची दोन मिनिटं एकतीस सेकंद यंत्र तेच सांगत राहिलं.

चार दिवस ती बापाशी धड बोलली नाही. विचारणार नाही असं कबूल केलं होतं, म्हणून विचारलं नाही. पण त्याच घरात दोन माणसं एकाच कानानं ऐकत होती. ती कुशीवर वळली की अप्पांना कळायचं, अप्पा जागे असले की तिला कळायचं. आवाज लपवायला त्या घरात जागा उरली नव्हती. पाचव्या दिवशी सकाळी चहाची कपबशी खाली ठेवून अप्पाच म्हणाले, "ऐकलंस म्हणायचं."

"हो."

"मला ठावं हुतं. कान दिला तवाच ठावं हुतं." ते भिंतीकडे बघून बोलत होते. "तुला कळू नये म्हनून तर देत नव्हतो. कान नसता तर तू जल्मभर दैवच म्हनली असतीस. बरं हुतं ते. पर तुझा धंदा बसाय लागला, आनि ती नझीमा बी निघाली. मग म्हनलं, किती दिवस झाकू?"

"अप्पा, माझ्यामुळे..."

"गप!" इतक्या वर्षांत ते तिच्यावर ओरडले नव्हते. "तेरा वर्साचं पोर तू. तुझा काय संबंद? ती म्हनली ऱ्हाऊ द्या, बाईमानूस, तिला मागातलं काय कळतंय? कळत हुतं ते मला. हात माझा हुता." तो हात त्यांनी समोर धरला. म्हातारा, नखांत अजून काळं असलेला. "तू गेलीस की मी लगीच बंद करनार हुतो. तू म्हनलीस, अप्पा, रस्त्यापतूर चला. तिथं ट्रका लई. तुला रस्ता वलांडून दिला आनि वळलो. दारात आलो तर माग थांबलेला. सगळं माग थांबलेलं. बावीस वर्सांत एवढं गप मी कदी ऐकलं न्हाई."

बाहेर भाजीवाली ओरडत गेली.

"एक विचारू?" अप्पा म्हणाले. "तुला न्हाई विचारू दिलं, पर मी विचारतो. तुझ्या यंत्राला तू ती फिलम घातली असशील."

"घातली."

"काय म्हनालं?"

ते आता तिच्याकडे बघत होते. सत्तर वर्षांचा माणूस आणि डोळ्यांत शाळेच्या निकालाची वाट बघणाऱ्या पोराची भीती. सुलक्षणाला दिसलं, बावीस वर्षं हा माणूस मनानं रोज त्या हँडलापाशी जाऊन उभा राहतो आणि रोज त्याला एकच गोष्ट हवी असते, कुणीतरी त्याला सांगावं की ऐकू आलंच नसतं. त्याला काय हवंय ते तिला नेहमीसारखं बोलणं संपायच्या आत कळलं होतं. आणि बापावर चालवायचं नाही म्हणून बाजूला ठेवलेलं तिचं पहिलं कलम जिभेवर येऊन उभं राहिलं.

तिनं चालवलं. जेवढं होतं तेवढं सगळं चालवलं. डोळ्यांत बघायचं तेवढाच वेळ बघितलं, थांबायचं तिथं थांबली, आवाज उतरवायचा तिथं उतरवला.

"काही नाही म्हणालं, अप्पा. एवढे माग एकदम चालू. त्या गोंगाटात यंत्रालाही काही ऐकू आलं नाही. शेवटपर्यंत नाही. मग माणसाला कसं येणार? तुम्हाला तेव्हा भास झाला असेल, नंतर तो खरा वाटायला लागला असेल. होतं तसं."

इतकं सुंदर ती आयुष्यात कधी बोलली नव्हती. रामगोपाळ शेठनी तेवढ्यावर साठच्या साठ माग दिले असते.

अप्पांनी मान किंचित वाकडी केली आणि उजवा कान तिच्याकडे केला, मागाकडे करायचे तसा. आणि त्याच क्षणी, तोच कान तिच्याही डोक्यात असल्यामुळे, तिला तिचं स्वतःचं बोलणं ऐकू आलं. 'काही नाही' मधला श्वास अर्धा क्षण उशिरा पडला होता. अगदी स्वच्छ. शिकाऊलाही कळेल इतका.

म्हणजे त्यांना कळलं होतं. त्यांना कळलं हे तिला कळलं होतं, आणि तेही त्यांना ऐकू गेलं असणार.

अप्पांनी डोळे मिटून घेतले.

"परत एकदा सांग," ते म्हणाले.

तिनं परत सांगितलं.